सिग्नल गेला तरी हिशेब चालू: प्रोसेसचं लॉगिन सेशन सांभाळायची रीत

समजा, हर्णै बंदरावरच्या एखाद्या मच्छीमार सोसायटीत लिनक्सचा एक संगणक आहे. बोटवार डिझेल परताव्याचा वर्षाचा हिशेब त्यावर निघतो आणि त्याला तीन तास लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या झापांनी शाकारलेल्या, म्हणून हे काम त्याच दोन महिन्यांत काढायचं. लाईट आणि मोबाईलचा टॉवर यांचा भरवसा नसतो तोही त्याच दोन महिन्यांत. चिटणीस घरून एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) आत शिरतात, हिशेब सुरू करतात आणि मोबाईलचा सिग्नल जातो. मग कधी हिशेब लगेच मरतो, कधी दोन तासांनी मरतो, कधी पुरा होतो, तर कधी मरतही नाही आणि चालतही नाही, नुसता लटकून राहतो.

यात दैवाचा भाग नाही. चारही प्रकार ठरलेल्या नियमांनी घडतात. ते नियम आणि त्यांना हात घालणारे सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) केलेल्या मागण्या, पुढे दिले आहेत. कॉल, सिग्नल (इथे मोबाईलचा नव्हे, प्रोसेसला पाठवली जाणारी सूचना) आणि कमांड यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना ती रोमनमध्येच करायची.

एक शब्द, तीन वस्तू

गोंधळ ‘सेशन’ या शब्दापासूनच सुरू होतो. पहिली वस्तू कर्नलचं सेशन. प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रॅमचे, ग्रुप असतात आणि ग्रुप मिळून सेशन होतं. ज्या प्रोसेसने सेटसिड() (नवं सेशन काढणारा कॉल) केला ती त्या सेशनची पुढारी, आणि तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) हाच सेशनचा आकडा. एका सेशनला फार तर एक नियंत्रक टर्मिनल (ते चालवायचा पडदा आणि कळफलक) असतं. तांडेल आणि खलाशी असा हा मामला आहे: तांडेलाला हाक आली की ती खलाशांपर्यंत पोचते, पण पोचवायची कशी हे बरंचसं तांडेलावर असतं.

दुसरी वस्तू लॉगिनचं नाव, म्हणजे आत शिरलं कोण. फ्रीबीएसडीसारख्या बीएसडी घराण्यातल्या युनिक्स प्रणालींत हे नाव कर्नलच्या सेशनलाच चिकटलेलं असतं. लिनक्समध्ये ते प्रत्येक प्रोसेसला ‘लॉगिनयूआयडी’ या आकड्याच्या रूपात चिकटतं आणि फोर्क() (प्रोसेसची प्रत काढणारा कॉल) झाला की मुलाकडे, म्हणजे नव्या प्रतीकडे, जातं.

तिसरी वस्तू सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) लॉगिनडीची, म्हणजे लॉगिनांची नोंद ठेवणाऱ्या भागाची. तिच्या लेखी सेशन म्हणजे एक सीग्रुप, प्रोसेस एकत्र मोजायचा कर्नलचा गट. एसएसएचने शिरलात की ‘सेशन-७.स्कोप’ असा एक गट तयार होतो आणि तुमची सगळी पोरंबाळं त्यात मोजली जातात.

सेटसिड() पहिल्या वस्तूपासून तोडतो. लिनक्सवर दुसरीला तो हात लावत नाही. तिसरीला तर असा काही कॉल झाल्याचा पत्ताही नसतो. ‘सेटसिड केलं होतं तरी मेलं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच उगम पावते.

आधी बघा

पीएस -ई -ओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,एसआयडी,टीटीवाय,टीपीजीआयडी,स्टॅट,सीएमडी

ही कमांड चालू प्रोसेसची यादी देते: पीपीआयडी हा आईचा आकडा, पीजीआयडी ग्रुपचा, एसआयडी सेशनचा. यातल्या दोन ओळी अशा दिसतील:

४३१२  ४३११  ४३१२  ४३१२  पीटीएस/०  ४३९०  एसएस  -बॅश
४३९०  ४३१२  ४३९०  ४३१२  पीटीएस/०  ४३९०  आर+  ./हिशेब

बॅशचा (आपण कमांड देतो ती शेल) पीआयडी आणि एसआयडी एकच आहे, म्हणजे ती पुढारी. स्टॅटमधला दुसरा, लहान ‘एस’ हेच सांगतो. हिशेब तिच्याच सेशनमध्ये आहे, पण ग्रुप स्वतःचा. टीपीजीआयडी ४३९० म्हणजे टर्मिनलसमोर सध्या हाच ग्रुप बसला आहे, म्हणून ‘+’ची खूण. टीटीवायच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं तर त्या प्रोसेसला नियंत्रक टर्मिनलच नाही. डीमनसाठी, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या सेवेसाठी, हेच हवं असतं.

कोडमधून विचारायचं तर गेटसिड(०), गेटपीजीआरपी() आणि टीसीगेटपीजीआरपी(). दुसऱ्या प्रोसेसचा आकडा गेटसिड(पीआयडी) लिनक्सवर देतो, पण पॉझिक्स (युनिक्स प्रणालींचं प्रमाण) दुसऱ्या सेशनबाबत ईपर्म (‘परवानगी नाही’ ही चूक) देण्याची मुभा ठेवतं. त्यावर प्रोग्रॅमचा डोलारा उभा करू नका.

जोडणी तुटल्यावर नेमकं काय होतं

मोबाईलचा सिग्नल गेला की सर्व्हरला काही कळत नाही. टीसीपीचा निरोप घेणारं पाकीट आलेलंच नसतं. इथून पुढे दोन वाटा फुटतात.

हिशेब पडद्यावर ओळी छापत असेल तर एसएसएचडी (एसएसएचचं सर्व्हरवरचं टोक) त्या पाठवायचा प्रयत्न करत राहतो. बफर भरतात, स्यूडोटर्मिनल (एसएसएचसाठीचं आभासी टर्मिनल) तुंबतं आणि हिशेबाची प्रोसेस राईट() मध्येच अडकते. हाच तो लटकलेला हिशेब. लिनक्सवर ‘टीसीपी_रिट्राइज२’ची मूळ किंमत १५ आहे; त्या हिशोबाने जोडणी मेली असं कर्नल ठरवेपर्यंत साधारण १५ मिनिटं किंवा जास्त जातात. मग एसएसएचडी हात टेकतो.

हिशेब गप्प असेल तर तो निवांत चालत राहतो. एसएसएचडीमध्ये टीसीपी कीपअलाइव्ह (गप्प जोडणी जिवंत आहे का हे हाका मारून बघणं) मुळातच चालू असतं, पण लिनक्सची मूळ मुदत ७२०० सेकंद, आणि त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ हाका. एकूण २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. तीन तासांचा हिशेब सुरुवातीलाच जोडणी तुटूनही दोन तास धडधाकट चालतो आणि पुरा व्हायला पाऊण तास उरला असताना मरतो, त्याचं कारण हे.

एसएसएचडीने स्यूडोटर्मिनलचं आपलं टोक बंद केलं की कर्नल सेशनच्या पुढारीला सिगहप (टर्मिनल तुटल्याचा सिग्नल, त्याने प्रोसेस एरवी मरते) आणि त्यामागोमाग सिगकाँट (थांबलेलीला पुढे चालवणारा) पाठवतं. पुढारी बॅश असेल तर ती मरताना आपल्या सगळ्या जॉबना, मागे ‘&’ लावून सोडलेल्यांनासुद्धा, सिगहप वाटते. पुढारी संपली की टर्मिनलसमोरच्या ग्रुपला कर्नलकडूनही सिगहप मिळतो. शिवाय पोरका झालेला एखादा ग्रुप थांबवलेल्या अवस्थेत असेल, म्हणजे कंट्रोल-झेड करून विसरलेला, तर त्यालाही सिगहप आणि सिगकाँट.

आता ‘पण मी एक्झिट टाईप केलं तेव्हा मागचं काम चालू राहिलं होतं’ याचा उलगडा होतो. बॅशचा ‘हपऑनएक्झिट’ हा पर्याय मुळात बंद असतो, म्हणून रीतसर बाहेर पडताना ती जॉबना सिगहप पाठवत नाही. जोडणी तुटल्यावर मात्र पाठवते. एक्झिट करून घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी असते. शिवाय वाचलेल्या प्रोसेसचं टर्मिनल गेलेलंच असतं: तिने पुढे एक ओळ छापायचा प्रयत्न केला की राईट() ईआयओ (वाचन-लेखनाची चूक) देतो, आणि त्या चुकीवर बाहेर पडणारे प्रोग्रॅम भरपूर आहेत.

सेटसिड: अट एकच, पण नडणारी

सेटसिड() ला काही द्यावं लागत नाही. यश आलं तर तो नवा सेशन आकडा परत देतो. प्रोसेस नव्या सेशनची आणि नव्या ग्रुपची पुढारी होते आणि नियंत्रक टर्मिनल सुटतं. कॉल करणारी प्रोसेस आधीच ग्रुपची पुढारी असेल तर मात्र ईपर्म. शेलमधून थेट चालवलेला प्रोग्रॅम जवळपास नेहमीच आपल्या ग्रुपचा पुढारी असतो, म्हणून मेन() च्या पहिल्याच ओळीत सेटसिड() लिहिणाऱ्याच्या पदरी ईपर्मच पडतो. उपाय: आधी फोर्क(), आई बाहेर, मुलाने सेटसिड().

डीमनसाठी पूर्ण क्रम असा. फोर्क() करा, आईने _एक्झिट(०) करावं; साधं एक्झिट() नको, नाहीतर एकाच बफरमधला मजकूर दोनदा छापला जातो. मुलाने सेटसिड(), आणि परतलेली किंमत तपासायची. मग दुसऱ्यांदा फोर्क(), आणि मधल्याने बाहेर. हा दुसरा फोर्क लोक कंटाळून गाळतात. तो असतो यासाठी: सेशनच्या पुढारीने ओ_एनओसीटीटीवाय न लावता एखादं मोकळं टर्मिनल उघडलं तर लिनक्सवर तेच तिचं नियंत्रक टर्मिनल होऊन बसतं, नातू पुढारी नसतो, म्हणून ती भानगड त्याला लागू होत नाही. त्यानंतर सीएचडीआयआर("/"), यूमास्क(), आणि ०, १, २ हे तिन्ही डिस्क्रिप्टर (इनपुट, आउटपुट आणि चुका यांच्या वाटा) /डेव्ह/नलकडे (काहीही गिळणारी फाईल) किंवा लॉगकडे वळवा. ग्लिबसीचं (लिनक्सची सी लायब्ररी) डीमन() यातलं बरंचसं एका फटक्यात करतं, पण दुसरा फोर्क आणि यूमास्क() करत नाही.

डिस्क्रिप्टर वळवायचे राहिले तर दुसरंच दुखणं उभं राहतं. ‘एसएसएच सर्व्हर "./हिशेब &"’ असं दिलं की हिशेब मागे जातो, पण त्याने ०, १, २ धरून ठेवल्यामुळे एसएसएच परतच येत नाही. सेशन तुटलं, नळी तशीच राहिली.

कोड न लिहिता

सेटसिड -एफ ./हिशेब < /डेव्ह/नल >> हिशेब.लॉग २>&१

-एफ विसरू नका. सेटसिड ही कमांड स्वतः ग्रुपची पुढारी असेल तरच आपणहून फोर्क करते. शेलमध्ये हाताने चालवली की लगेच परत येते, तीच ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली की अडून बसते, आणि माणूस अर्धा दिवस चूक शोधत बसतो.

नोहप सेशन बदलत नाही. तो सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावतो आणि आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर नोहप.आउट फाईलकडे वळवतो, एवढंच. प्रोग्रॅमने पुढे स्वतःच सिगहपचा हँडलर लावला तर नोहपचं संरक्षण संपलं. आधीच सुरू झालेल्या जॉबसाठी ‘डिसओन -एच’ आहे. बॅश त्याला सिगहप पाठवत नाही, पण टर्मिनलचा ईआयओ तसाच टपलेला असतो. टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक चौकटी चालवणारा प्रोग्रॅम) चांगला: त्याचा सर्व्हर वेगळ्या सेशनमध्ये राहतो आणि प्रत्येक चौकटीला नवं स्यूडोटर्मिनल मिळतं, म्हणून सिग्नल आल्यावर परत जोडून पुढची ओळ वाचता येते.

आता तिसरी वस्तू. लॉगिनडी.कॉन्फमध्ये ‘किलयूजरप्रोसेसेस’ नावाची ओळ आहे. सिस्टमडीने २०१६ साली, २३० व्या आवृत्तीत, तिची मूळ किंमत ‘यस’ केली. डेबियन आणि उबुंटू ती ‘नो’ ठेवूनच देतात. ‘यस’ असेल तर लॉगिन संपताना सीग्रुपमधलं सगळं मारलं जातं: सेटसिड, नोहप, टीमक्स, कुणाचीही गय नाही. तिथून सुटायची रीतसर वाट दोन पावलांची:

लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर
सिस्टमडी-रन --यूजर --युनिट=हिशेब --सेम-डिर ./हिशेब

अशी प्रोसेस एसएसएचच्या झाडाखाली नसतेच. ती तुमच्या यूजर मॅनेजरची मूल असते आणि तिचं आउटपुट सिस्टमडीच्या जर्नलमध्ये (नोंदवहीत) जातं. शेलमधली एन्व्हायर्नमेंट मात्र तिला मिळत नाही, हवी ती किंमत --सेटएन्व्हने द्यावी लागते. नव्या संगणकावर आमचा कौल यालाच.

संगणकाचीच लाईट गेली तर यातलं काही कामाचं नाही. तिथे इन्व्हर्टर, आणि हिशेब टप्प्याटप्प्याने फाईलवर उतरवणं.

लॉगिन स्वतः घडवायचं असेल

कौंटरवरच्या पडद्यासाठी छोटा लॉगिन प्रोग्रॅम लिहिताय, किंवा रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) डीमन दुसऱ्याच्या नावाने शेल उघडून देतोय, तर क्रमात चूक चालत नाही.

१. रूट असतानाच पॅमची (लॉगिन तपासणारी लायब्ररी) ओळखतपासणी करा.
२. पॅम_ओपन_सेशन() करा, लिनक्सवर पॅम_लॉगिनयूआयडी नाव लावते ते इथेच.
३. फोर्क(). आई रूटच राहते आणि वाट बघते. मूल संपल्यावर पॅम_क्लोज_सेशन() तिलाच करायचं आहे, कारण रूटचा यूआयडी (वापरकर्त्याचा आकडा) सोडलेल्या मुलाच्या हातात तेवढा अधिकार उरत नाही.
४. मुलाने सेटसिड().
५. टर्मिनल ताब्यात घ्या: आयऑक्टल(एफडी, टीआयओसीएससीटीटीवाय, ०). लिनक्सवर नुसतं उघडूनही भागतं, बीएसडीवर हा आयऑक्टल लागतोच. ते टर्मिनल दुसऱ्या सेशनचं असेल तर ईपर्म. रूटने शेवटच्या जागी १ दिला तर लिनक्स ते हिसकावून देतं, पण आधीचं सेशन टर्मिनलविना राहतं. लॉगिन_टीटीवाय(एफडी) हा कॉल ४ आणि ५ दोन्ही करून वर ०, १, २ ची जोडणीही करतो.
६. फक्त बीएसडीवर: सेटलॉगिन(नाव).
७. इनिटग्रुप्स(), मग सेटजीआयडी(), सगळ्यात शेवटी सेटयूआयडी(). उलट केलंत तर ग्रुप बदलायचा अधिकार आधीच गेलेला असतो आणि शेल रूटच्या ग्रुपांसकट उघडतो. तिन्हींची परत किंमत तपासा. अपयश आलं तर पुढे न जाता बाहेर पडा.
८. घरच्या डिरेक्टरीत जा, एन्व्हायर्नमेंट नव्याने भरा, नको ते डिस्क्रिप्टर बंद करा, एक्झेक(). शेलच्या नावापुढे ‘-’ लावलं की ती स्वतःला लॉगिन शेल समजते.

फ्रीबीएसडीवर ६ आणि ७ एकत्र करणारा सेटयूजरकाँटेक्स्ट() आहे. लॉगिन_सेटऑल दिलं की नाव, ग्रुप, मर्यादा, यूआयडी सगळं लागतं. हाताने लिहिण्यापेक्षा तोच वापरा.

नाव कुणाचं लागतं

बीएसडीवर सेटलॉगिन() फक्त रूटला करता येतो आणि एका सेशनला एकच नाव असतं. चौथी पायरी गाळून सहावी केलीत तर बदललेलं नाव त्या सेशनमधल्या प्रत्येक प्रोसेसला लागतं, ज्या शेलमधून डीमन सुरू केला तिलासुद्धा. टीआयओसीएनओटीटीवायने टर्मिनल सोडणं किंवा ग्रुप बदलणं पुरेसं नाही. वेगळं व्हायला सेटसिड() हाच मार्ग. आणि फ्रीबीएसडीवर सेटसिड() ने जन्मलेलं नवं सेशन आधीच्याचं नाव घेऊनच जन्मतं. डीमन हाताने पुन्हा सुरू केला तर गेटलॉगिन() त्यात तुमचं नाव सांगेल, डीमनच्या खात्याचं नाही.

लिनक्सवर /प्रॉक/सेल्फ/लॉगिनयूआयडी वाचा. ४२९४९६७२९५ दिसलं तर नाव लागलेलंच नाही, जसं बूटवेळी सुरू झालेल्या सेवांचं असतं. सुडो किंवा एसयू (दुसऱ्याच्या अधिकाराने काम करायच्या कमांड) केल्यावरही हा आकडा बदलत नाही. रूट होऊन हिशेब कोणी बदलला हे ऑडिटमध्ये सापडतं ते त्यामुळेच. म्हणून पॅम_लॉगिनयूआयडी सुडोच्या किंवा एसयूच्या पॅम फाईलमध्ये घालू नका, माग पुसला जातो. सेवा सुडोने थेट चालवली तर तिला तुमचा आकडा चिकटतो, सिस्टमसीटीएलने चालवली तर नाही.

परवानगी ठरवायला मात्र गेटलॉगिन() वापरू नका, लॉगनेम ही एन्व्हायर्नमेंटमधली किंमत तर नकोच, ती कुणीही बदलू शकतो. तिथे गेटईयूआयडी() आणि गेटपीडब्ल्यूयूआयडी(). गेटलॉगिन() नल देऊ शकतो हेही धरून चला. न तपासता ते नाव छापणारे प्रोग्रॅम शेलमधून चालतात आणि सेवा म्हणून कोसळतात.

सेशन बंद करताना

पूर्ण सेशनला एकदम सिग्नल देणारा सिस्टम कॉल नाही. किल(-पीजीआयडी, सिग्नल) एका ग्रुपपुरता असतो. ‘पीकिल -टर्म -एस ४३१२’ ही कमांड सेशन आकडा जुळणाऱ्या प्रोसेस एकेक शोधून मारते, म्हणून मारता मारता नवी जन्मली तर ती सुटू शकते. पुन्हा पीएसने बघा. सेटसिड करून निसटलेल्यांना ती गाठत नाहीच. त्यांना सीग्रुप गाठतो: ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन ७’. सिगहप पाठवून मोकळे होऊ नका, बरेच डीमन त्याचा अर्थ कॉन्फिगरेशन पुन्हा वाच असा घेतात. आकडा दुसऱ्याला दिला जाईल ही भीती मात्र नको: पीआयडी सेशनचा किंवा ग्रुपचा आकडा म्हणून वापरात आहे तोवर कर्नल तो नव्या प्रोसेसला देत नाही.

चाचणी आणि मुदत

एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३० आणि क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स ३ ठेवलं की मेलेली जोडणी दीडदोन मिनिटांत ओळखली जाते. बदल फक्त नव्या जोडण्यांना लागू होतो. पण काम अजून शेलच्या सेशनमध्येच असेल तर ही मुदत आपल्याच मुळावर येते. पाच मिनिटांनी रेंज आली, फोनचा पत्ता तोच राहिला, तर जुनी जोडणी पुन्हा धरली असती. आपण ती आधीच तोडलेली असते. म्हणून आधी हिशेब वेगळ्या सेशनमध्ये काढा, मुदत मग आखडा. तोवर ६० आणि १० बरं.

चाचणीला फोनचा डेटा बंद करायचा, एक्झिट टाईप करायचं नाही. सोसायटीतल्या माणसाला कौंटरवरून वरचीच पीएस दर मिनिटाला चालवायला सांगा. ३० आणि ३ लावलेलं असेल तर दोन मिनिटांच्या आसपास बॅशची ओळ नाहीशी होते. ‘सेटसिड -एफ’ने सोडलेल्या हिशेबाच्या ओळीत तेव्हा पीपीआयडी १, टीटीवाय प्रश्नचिन्ह आणि एसआयडी त्याचा स्वतःचाच दिसायला हवा. एसआयडी अजून गेलेल्या बॅशचाच दिसत असेल तर तो शेलच्याच सेशनमध्ये राहिला आहे; जिवंत असला तरी पुढची ओळ टर्मिनलवर छापताना ईआयओ ठरलेला.